‘लपलेली जागा’ मोकळी करायच्या नावाखाली माझे 7,496 रुपये गेले

आधी 1 रुपया, मग दर आठवड्याला 1,499, असे पाच हप्ते. फोनमधली लपलेली जागा मोकळी करून देतो म्हणणाऱ्या ॲपने माझ्या खात्यातून 7,496 रुपये नेले. मी अंगणवाडी सेविका आहे. घरी सांगायलाही लाज वाटत होती. पण आमच्यातल्या कितीतरी जणींचे फोन असेच भरलेले आहेत, म्हणून लिहितेय.

फोन आमच्या हौसेने भरत नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची हजेरी, वजन-उंची, फोटो, टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) देताना लाभार्थीचा चेहरा स्कॅन करणं, वर बीटचे (आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाचे) आणि तालुक्याचे व्हॉट्सॲप ग्रुप. सरकारी मोबाइल चालत नाहीत म्हणून 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी ते परत केले होते, ते उगाच नाही. त्या दिवशी ‘स्टोरेज फुल’ येऊन फोटो निघेना, पोराला कडेवर घेऊन बाई दारात ताटकळलेली, आणि रीलमध्ये जाहिरात: ‘तुमच्या फोनमध्ये 14.3 जीबी जागा लपलेली आहे.’ नंतर भाच्याच्या कोऱ्या फोनवर तीच जाहिरात उघडली. तिथेही 14.3 जीबीच! फोनमध्ये कुठलीही जागा लपवून ठेवलेली नसते. ‘सिस्टिम’ म्हणून दिसते ती अँड्रॉइडनेच व्यापलेली असते, ती कोणी काढून देऊ शकत नाही.

तो स्क्रीन मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. वर ठळक अक्षरांत ‘₹1’. खाली राखाडी, बारीक इंग्रजीत: दर आठवड्याला, कमाल 1,499, मुदत 2035 पर्यंत. एक रुपयासाठी 2035 कशाला, हे तिथेच खटकायला हवं होतं. पण खातं चालू आहे का बघायला 1 रुपया पाठवायची सवय सगळ्यांनाच आहे, आणि एक रुपया पाठवतानाही आपण पिन टाकतोच. मी पिन टाकला आणि यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ते कापायची परवानगी, मंजूर झालं. त्यानंतर 15,000 पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज यायचा, पण त्यात ॲपचं नाव नाही, भलत्याच कंपनीचं. कोणाला कळणार?

काहीच जागा झाली नाही म्हणून ॲप मी लगेच काढून टाकलं होतं. तरी हप्ते चालूच. ॲप काढल्याने ऑटोपे बंद होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ते यूपीआय ॲपमध्ये, आपल्या प्रोफाइलखालच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन रद्द करावं लागतं.

बँकेत गेले. खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, हा फ्रॉड होत नाही.” मग पोलिसांत जा. पोलिस म्हणाले, ही रक्कम किरकोळ, बँकेतून लिहून आणा. बँक म्हणते लिहून देता येत नाही, कंपनीला ईमेल करा. कंपनीला केलेला ईमेल परत आला, असा पत्ताच नाही! ज्या कंपनीचा पत्ता नाही तिला दर आठवड्याला पैसे मात्र बरोबर पोचतात, आणि याचा जाब विचारणं कोणाचंच काम नाही? सात हजार किरकोळ कोणाला? आमच्या मानधनाकडे बघून बोला म्हणावं.

त्यातल्या त्यात एक झालं, बँकेतून तक्रार क्रमांक लिहून घेतला. तुम्हीही तोंडी बोलून परत येऊ नका. 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. मी करणार आहे. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेच्या रांगेत नंतर उभं राहा.

आणि जागा हवीच असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. ग्रुपवरचे व्हिडिओ तिथे आकाराप्रमाणे लावलेले असतात. गॅलरीतून काढलेले फोटो कचरापेटीत पडून जागा अडवतात, तीही रिकामी करा. पोषण ट्रॅकरचा फक्त ‘कॅशे’ (तात्पुरत्या फाइल) काढा, ‘डेटा’ला हात लावू नका, न चढलेली माहिती जाईल.

बीटच्या मीटिंगला सगळ्यांचे ऑटोपे उघडून बघितले. दोघींच्या यादीत अशीच अनोळखी कंपनी निघाली. एकीचे पैसे शनिवारी कापले जाणार होते, ते तिथल्या तिथे बंद केलं.