पास अस्सल होता, पण आम्ही निघण्याआधीच रद्द झालेला

या उन्हाळ्यात युरोपला निघालेल्या आणि तिथल्या रेल्वेचं बुकिंग एजंटाकडं दिलेल्या कोल्हापूरकरांसाठी हे लिहितोय. आम्हाला कुणी बनावट तिकीट विकलं नाही. युरोपातल्या रेल्वेचा पास खरा होता, पैसे भरून काढलेला होता, पास देणाऱ्या कंपनीकडून आलेली ऑर्डरची मेल मी एजंटाच्या लॅपटॉपवर वाचली होती. तरीही फ्रँकफर्टहून म्युनिकला जाणाऱ्या गाडीत आम्ही विनातिकीट ठरलो.

आम्ही चौघं. मी, बायको, अडुसष्ट वर्षांची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. विमान आणि हॉटेलं मी स्वतःच काढली होती. रेल्वेचं गणित मात्र वेगळं पडतं. आपली महालक्ष्मी एक्सप्रेस दोन महिने आधी काढा नाहीतर आठवडाभर आधी, भाडं तेच. घाई असली तर वर तत्काळचे पैसे. जर्मनी, फ्रान्स, इटलीत लांब पल्ल्याच्या गाड्यांचं भाडं विमानासारखं बदलतं. लवकर काढलं तर वीस-तीस युरोत मिळणारं तिकीट आदल्या दिवशी शंभराच्या वर गेलेलं असतं. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. शाहूपुरीतल्या या एजंटाचं दुकान याच गोंधळावर चालतं. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्यानं सुचवला युरेल पास. ही भानगड अगदी खरी आहे. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल, असे दोन पास असतात. ग्लोबल पास तेहतीस देशांत चालतो. महिन्याभरात ठरावीक दिवस प्रवास करायचा असा पास आम्ही घेतला. 'सगळं इन्क्लुडेड, साहेब. सीट कन्फर्म, युंगफ्राऊची गाडीसुद्धा. जगात भारी काम करून देतो, तुम्ही काळजीच करू नकासा.' युंगफ्राऊ म्हणजे स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं शिखर. चौघांचे मिळून दीड लाखाच्या वर घेतले. थोडे यूपीआयनं, उरलेले रोख. यूपीआयचा क्यूआर फर्मच्या नावावर नव्हता, त्याच्या भावाच्या नावावर होता. रोखीच्या पावतीवर नुसतं 'सर्व्हिस चार्जेस' लिहून सही.

ऑर्डरची प्रिंट व्हिसाच्या फाइलला लागली. पुण्याला जाऊन बायोमेट्रिक झालं, व्हिसा आला. निघायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर चार पीडीएफ आल्या. वर लोगो, खाली आमची नावं, पासपोर्ट नंबर आणि एक क्यूआर कोड. सोबत व्हॉइस मेसेज: 'हे ॲपमध्ये आत्ता घालू नका हं, घातलं की दिवस चालू होतात. तिथं गाडीत बसल्यावर बघा.'

ही सरळ थाप होती. मोबाइल पास पीडीएफ म्हणून येतच नाही. रेल प्लॅनर नावाचं अधिकृत ॲप आहे, त्यात आडनाव आणि पास नंबर टाकायचा, की पास फोनमध्ये येतो. नुसता आत घेतल्यानं एकही दिवस खर्ची पडत नाही. पास चालू कुठल्या तारखेपासून करायचा ते आपण ठरवतो आणि ज्या दिवशी गाडी जोडून तिकीट दाखवतो तोच दिवस मोजला जातो. पण राजारामपुरीत घरी बसून मी नंबर टाकला असता तर पास रद्द झालाय हे तिथंच कळलं असतं. ते होऊ नये म्हणून हा मेसेज.

गाडी आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी. आशाफेनबुर्ग मागं पडलं तेव्हा तपासनीस आला. मी पीडीएफ उघडून फोन पुढं केला. त्यानं हातातलं यंत्र कोडवर धरलं, यंत्रानं लाल दाखवलं. परत धरलं, परत लाल. मग फोन जरा जवळ घेऊन बघितला आणि विचारलं, 'ॲप?' तिथंच ॲप उतरवून आडनाव आणि नंबर घातला. नंबर स्वीकारेना. बायकोचा घातला, तोही नाही. आई दशमीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. झाकण लावून म्हणाली, 'उतरवत्यात काय रं आपल्याला?'

उतरवलं नाही. माणूस सभ्य होता, आवाजसुद्धा चढवला नाही. पासपोर्ट बघून आमच्या नावानं दंडाचे कागद काढून दिले. जर्मनीत विनातिकीट सापडलं तर किमान साठ युरो, किंवा भाड्याच्या दुप्पट यांतलं जे जास्त असेल ते. लांब पल्ल्याच्या गाडीत तपासनिसाकडून तिकीट काढायची सोय २०२२ पासून बंद आहे. गाडी सुटल्यावर फोनवर काढायला दहा मिनिटं मिळतात, ती कधीच संपली होती.

एजंटाला फोन लावला. पहिल्यांदा 'सर्व्हर डाऊन असेल'. मग 'तुम्ही ॲपमध्ये काहीतरी चुकीचं दाबलंसा'. मग निळ्या टिका नुसत्या. पास कंपनीला मेल केली, तर इतकंच उत्तर आलं की ऑर्डर खरेदीदाराच्या विनंतीवरून रद्द झालेली आहे, बाकी तपशील ज्या ईमेलवर ऑर्डर आहे त्यालाच देता येईल. ईमेल त्याचा. कार्ड त्याचं. न वापरलेला पास परत केला की थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर जातात. म्हणजे व्हिसा हातात पडला आणि आमचे पैसे त्याच्या खात्यात पोहोचले. पास त्यानं खराच काढला होता, म्हणूनच बुकिंगच्या वेळी ही लबाडी पकडायला जागा नव्हती.

रात्री हॉटेलात पासचे नियम शांतपणे वाचत बसलो, तर बारीकसारीक लूट वेगळीच निघाली. मुलाच्या पासाचे अर्धे पैसे घेतले होते. युरेलमध्ये अकरा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट असतात, एका मोठ्या माणसामागं दोन. त्यांच्या नावानं चाइल्ड पास काढावा लागतो, त्याला पैसे पडत नाहीत. साठीच्या वरच्यांना दहा टक्के सवलत असते, आईचे पूर्ण पैसे लावलेले. 'कम्पल्सरी सीट' म्हणून झुरिक-इंटरलाकेनलाही पैसे लावले होते, आणि त्या गाडीला आरक्षण लागतच नाही. आत शिरून रिकाम्या जागी बसायचं. जर्मनीतल्या आयसीईलासुद्धा सक्ती नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, युरोस्टार या वेगवान गाड्यांना मात्र पास असला तरी आरक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. युंगफ्राऊयोखची गाडी तर या पासात फुकट नाहीच. स्वित्झर्लंडचा स्वतःचा ट्रॅव्हल पास घेतला तरी तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतच चालतो, पुढं फक्त सवलत.

उरलेला प्रवास आम्ही स्वतः काढला, आणि खरं सांगायचं तर तो एजंटाच्या पासापेक्षा फार महाग पडला नाही. म्युनिकहून फ्युसेनला नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं तिकीट, घेतलं. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी आदल्या मध्यरात्रीपासून. चौदा वर्षांपर्यंतची आपली मुलं त्यात फुकट. अट एकच, फक्त प्रादेशिक गाड्या. आयसीईत बसलात तर तिकीट चालत नाही. इटलीत मिलान ते रोम फ्रेच्चारोसा चालवणारी त्रेनितालिया आणि इतालो या दोन कंपन्यांची चढाओढ आहे, दोन्हींचे दर बघून घ्यायचे. छोट्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. नाही मारला तर तिकीट असून दंड.

तीन-चारच मोठे टप्पे असतील तर बहुतेक वेळा पासाचा नादच नको. त्या त्या देशाच्या रेल्वेच्या ॲपवर आधी काढलेली तिकिटं स्वस्त पडतात. पास परवडतो तो रोज नवीन गावाला उठून जाणाऱ्याला. एजंट लोक पासच का पुढं करतात, ते आता माझ्या लक्षात आलंय.

कोल्हापुरात परतल्यावर त्याच्या गाळ्यात गेलो. आधी चहा मागवला, मग 'कंपनीचाच घोळ' म्हणाला. रद्द झाल्याची मेल समोर ठेवल्यावर थोडे पैसे यूपीआयनं दिले, उरलेल्यांसाठी 'पुढच्या महिन्यात'. तो पुढचा महिना अजून उजाडायचाय. पोलिसांत अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, ग्राहक हेल्पलाइन १९१५. भावाच्या नावाचा तो क्यूआर आणि 'आत्ता घालू नका'चा व्हॉइस मेसेज, हे दोन्ही तक्रारीला जोडलेत. तुमच्याकडं असं काही आलं असेल तर चॅट पुसू नका.

आणि ज्यांनी पैसे आधीच दिलेत त्यांनी आज रात्रीच रेल प्लॅनर उतरवून आडनाव आणि पास नंबर टाकून बघा. निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा टाका, कारण आमचाही सुरुवातीला चालूच होता. एजंट पास नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, किंवा ऑर्डर तुमच्या ईमेलवर करायला तयार नसेल, तर व्हिसा यायच्या आत व्यवहार मोडा. थोडे कमी का होईना, पैसे तेव्हाच निघतात.