युरो ठेवावा की द्राख्मा आणावी? ग्रीसचा २०१५ चा हिशेब, २०१० च्या शेजारी ठेवून

कर्जात बुडालेल्या देशाने युरोसारखं सामाईक चलन सोडून आपलं जुनं चलन (ग्रीसची द्राख्मा) परत आणावं का, हा वाद बहुतेक वेळा स्वाभिमान विरुद्ध शिस्त असा रंगतो आणि तिथेच अडकतो. निर्णय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी बघा: कर्जरोखे कोणत्या कायद्याखाली काढले आहेत, व्याज वगळून सरकारची तूट किती आहे, आणि चलन घसरल्यावर निर्यात खरंच वाढेल का. ग्रीसच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं पाच वर्षांत बदलली, म्हणून 'बाहेर पडायला हवं होतं' असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं: कधी?

राहण्याची किंमत

राहणं म्हणजे काय ते २०१५ च्या उन्हाळ्यात दिसलं. युरोपियन सेंट्रल बँकेने २८ जूनला ग्रीक बँकांच्या आपत्कालीन कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून बँका बंद, आणि एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो. बऱ्याच यंत्रांतल्या २० च्या नोटा संपल्या, त्यामुळे हातात ५० च पडायचे. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोक कर्जदात्यांच्या अटींना 'नाही' म्हणाले आणि आठवडाभरात सरकारने जवळपास तशाच अटी मान्य केल्या. बदल्यात ८६ अब्ज युरोपर्यंतचं तिसरं कर्ज मिळालं. पैशांवरचे निर्बंध पूर्ण उठायला सप्टेंबर २०१९ उजाडला.

त्याआधीच अर्थव्यवस्था २००८ च्या तुलनेत चतुर्थांशाने आक्रसली होती आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली होती. चलन घसरू शकत नसेल तर पगार आणि पेन्शन घसरतात. फरक एवढाच, की ते वर्षानुवर्षं आणि दर वेळी संसदेत मतदान करून घसरतं.

जाण्याची कृती

शुक्रवारी बँका बंद झाल्या की संसदेत कायदा: सगळे देशी पगार, ठेवी आणि करार एकास एक दराने द्राख्मात. इथवर सोपं. अडचण नोटांची. चेकोस्लोव्हाकियाचं चलन फेब्रुवारी १९९३ मध्ये विभागलं गेलं तेव्हा २ तारखेला घोषणा आणि ८ तारखेपासून दोन वेगळे कोरुना, असं सहा दिवसांत उरकलं. मोठ्या नोटांवर तिकिटं चिकटवली आणि नव्या नोटा येईपर्यंत काम चालवलं. ग्रीसमध्ये हे चाललं नसतं. ५० युरोच्या नोटेवर शिक्का मारून तिची ५० द्राख्मा होणार असेल तर ती नोट काउंटरवर आणणार कोण? ती गादीखाली तरी जाईल किंवा सीमेपार.

म्हणजे काही महिने कागदी नोटांशिवाय, 'नंतर पैसे देऊ' अशा सरकारी चिठ्ठ्यांवर. अर्जेंटिनाच्या प्रांतांनी २००१-०२ मध्ये अशाच चिठ्ठ्यांवर पगार भागवले होते. आपल्याकडे २०१६ च्या नोटबंदीत नवी नोट छापलेली असूनही एटीएमचे कप्पे नव्या आकाराला जुळवण्यात आठवडे गेले, आणि तिथे चलन तर तेच होतं.

आता आकडे. द्राख्मा ४० टक्के घसरली असं धरू. ठेवीदाराच्या खात्यातले १०,००० युरो व्यवहारात ६,००० उरतात. ज्या कारखान्यावर परदेशी बँकेचं १ लाख युरोचं कर्ज आहे, त्याला फेडायला सुमारे १,६७,००० द्राख्मा लागतात, आणि त्याची विक्री मात्र द्राख्मात. सरकारचंही तसंच: कर्ज युरोतच राहिलं तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १८० टक्क्यांचं थेट ३०० टक्के होतं.

कर्ज युरोतच राहिलं तर...

सगळी मेख इथे आहे. २०१० मध्ये ग्रीसचे बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखाली होते. संसदेने 'युरोऐवजी द्राख्मा वाचा' म्हटलं असतं तर ते कायद्याने द्राख्मात फेडता आले असते. मार्च २०१२ मध्ये खासगी गुंतवणूकदारांच्या रोख्यांचं दर्शनी मूल्य ५३.५ टक्क्यांनी कापलं. त्यांना दिलेले नवे रोखे मात्र इंग्लिश कायद्याखाली आले. उरलेलं कर्ज हळूहळू युरोपीय सरकारं, त्यांचा निधी आणि नाणेनिधीकडे गेलं. अथेन्सच्या संसदेला यातलं फारसं काही बदलता येत नव्हतं. कर्जकपातीच्या आनंदात या अटीकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं.

मग २०१० मध्येच जायला हवं होतं का? तेव्हा दुसरा कागद आडवा येत होता. २००९ मध्ये व्याज वगळूनसुद्धा तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या घरात होती. व्याज देणं थांबवलं तरी पगार भागत नव्हते. नोटा छापाव्या लागल्या असत्या आणि महागाईने घसरणीचा फायदा गिळला असता. २०१५ पर्यंत ही तूट जवळपास मिटली होती, पण कर्ज कायद्याने बांधलं गेलं होतं. एक दार उघडलं तेव्हा दुसरं बंद होतं.

निर्यातीचा मुद्दा लवकर आटोपतो. पेसो घसरू दिल्यावर अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था २००२ मध्ये सुमारे ११ टक्के पडली आणि पुढच्या वर्षापासून ८-९ टक्क्यांनी वाढली. सोयाबीनला जगात गिऱ्हाईक होतं, शिवाय स्वतःच्या पेसोच्या नोटा आधीपासून होत्या. ग्रीसची सर्वांत मोठी निर्यात शुद्ध केलेलं पेट्रोलियम, त्याचं कच्चं तेल डॉलरमध्ये विकत घ्यावं लागतं. हॉटेलवाल्याचा फायदा नक्की होता: खोलीचं भाडं युरोत, पगार द्राख्मात. औषधं आयात करणाऱ्याची मात्र तेवढीच नक्की कोंडी.

आमचा कौल: २०१५ मध्ये एकतर्फी बाहेर पडणं हा तोट्याचा सौदा होता. विचार करण्याजोगा एकच प्रकार त्या जुलैत टेबलावर आला, आणि तोही ज्यांना ग्रीस बाहेर हवा होता त्यांच्याकडून. जर्मनीचे अर्थमंत्री शॉयब्ले यांच्या खात्याच्या टिपणात किमान पाच वर्षं युरोबाहेर राहण्याचा पर्याय होता, सोबत कर्जाच्या पुनर्रचनेची शक्यता आणि मदत. १२ जुलैच्या मसुद्यात तो चौकटी कंसात, म्हणजे अजून एकमत न झालेल्या मजकुरात, पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सतरा तासांच्या बैठकीनंतर निघालेल्या निवेदनात तो कंस नव्हता.