तांबट आळीचा बंब: वीज नसलेल्या शेतघरासाठी घ्यावा का?

मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात महावितरणच्या तारेशिवाय शेतघर चालवणाऱ्यांची डिसेंबरात पहिली अडचण होते ती अंघोळीच्या पाण्याची. दिवे, मोबाइल, पंखा, छोटा फ्रीज हे सगळं सोलरवर निभतं. गरम पाणी निभत नाही. हिशोब सोपा आहे. टाकीतलं पाणी पहाटे 18 अंश धरलं आणि अंघोळीला 40 अंशाचं 20 लिटर पाणी लागतं असं धरलं, तर एका माणसामागे अर्धा युनिट वीज जाते. चार माणसांची दोन युनिटं. 12 व्होल्ट 150 एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असली तरी तिच्यात 1.8 युनिट असतात, आणि ती टिकायला हवी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे गीझर लावला की दोन अंघोळींतच बॅटरी तळाला. वर 2 किलोवॅटचा गीझर 1 केव्हीएच्या इन्व्हर्टरवर सुरूच होत नाही, तो भाग वेगळा.

म्हणून बंब: मधल्या उभ्या नळीत आग, तिच्या भोवती पाणी. हा रिव्ह्यू पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मिळणाऱ्या, रोजच्या वापराच्या तांब्याच्या बंबाचा आहे. निकाल आधीच सांगतो: घ्या, पण जाड पत्र्याचा, बदलता येणाऱ्या तोटीचा आणि साधा. चकाकी बघून घेऊ नका.

सगळ्यात आधी एक गैरसमज. ‘तांबं उष्णता भराभर वाहून नेतं, म्हणून पाणी लवकर तापतं’ हे दुकानात हमखास ऐकू येतं. तांबं उष्णतेचं उत्तम वाहक आहे, हे खरं. पण बंबाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. एवढ्या पातळ भिंतीतून उष्णता पोचायला स्टीललाही अडचण येत नाही. उष्णता अडते ती आगीच्या बाजूला, गरम हवा आणि नळीला धरलेली काजळी यांच्यात. काजळी धरलेला तांब्याचा बंब स्वच्छ स्टीलच्या बंबाच्या मागे पडतो. तांब्याला जास्त पैसे द्यायचे ते वेगळ्या कारणांसाठी: ते गंजत नाही, भोक पडलं तर डाख (वितळवलेल्या धातूचा जोड) देऊन दुरुस्त होतं, आणि पंचवीस वर्षांनी मोडीत घातलं तरी वजनाचे पैसे परत येतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा बंब स्वस्त पडतो, पण त्याचा जस्ताचा मुलामा नळीत आगीसमोर टिकत नाही, आणि तो गेला की गंज आतूनच सुरू होतो.

तांब्याची भांडी वजनावर विकली जातात, त्यामुळे वजनाचा अंदाज घरूनच करून जावा. 28 सेंटिमीटर व्यास, 40 सेंटिमीटर उंची आणि मध्ये 10 सेंटिमीटरची नळी, एवढ्या बंबात साधारण 21 लिटर पाणी मावतं. त्याला सुमारे 0.6 चौरस मीटर पत्रा लागतो. 22 गेजचा पत्रा (0.71 मिमी) असेल तर तांबं पावणेचार ते चार किलो भरतं, 24 गेजचा (0.56 मिमी) असेल तर तीन किलोच्या आसपास. हातात घेऊन तीन किलोचाच वाटला तर पत्रा पातळ आहे. रोज आग झेलणाऱ्या नळीला 24 गेज आम्ही घेणार नाही, अंग 22 चं आणि नळी शक्यतो 20 ची (0.91 मिमी) मागावी. ऑर्डर देऊन बनवून घेत असाल तर ही अट सुरुवातीलाच सांगायची. वजन करताना लोखंडी जाळी, तिवई आणि पितळी तोटी काढून ठेवायला सांगा, नाहीतर लोखंडही तांब्याच्या भावात जातं. असं सांगण्यात संकोच नको, जाणकार गिऱ्हाईक नेहमीच सांगतं.

पत्र्यावरचे हातोडीचे गोल ठसे, म्हणजे मठारकाम, नुसती नक्षी नव्हे. ठोकल्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. ठसे एकमेकांना लागून, सारख्या अंतरावर असले की कारागिराचा हात कळतो. मशीनवर दाबून काढलेले ठसे फार एकसारखे दिसतात आणि पत्रा बोटाने दाबला की लवतो.

दुकानातून निघण्यापूर्वी बंब काठोकाठ भरून अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून वर्तमानपत्रावर ठेवायचा. बुडाचा सांधा, तोटीचा सांधा आणि नळीचं आतलं अंग या तीन जागा. नळीत मोबाइलचा टॉर्च मारून वरून बघितलं की ओल लगेच चमकते. मग डाख कोणता, ते विचारा. शिसं-कथलाचा मऊ डाख 200 अंशांच्या आसपास ढिला पडतो. पितळी डाख 800 अंशांच्या वर टिकतो. नळीच्या दोन्ही टोकांना पितळी डाखच हवा. मऊ डाख तोटीपाशी चालेल, पण मग त्या बंबातलं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला अजिबात वापरायचं नाही, कारण डाखात शिसं असतं. आतून कल्हई करून देतो म्हणाले तरी अंघोळीच्या बंबाला तिची गरज नाही.

तोटी अर्धा इंची, आट्यांची, फिरवून निघणारी असावी. पक्की डाखलेली तोटी गळायला लागली की अख्खा बंब पुण्याला आणावा लागतो; आट्यांची असेल तर बोहरी आळीतून वॉशर आणून घरीच काम होतं. तोटी बुडापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर हवी. गाळ खाली राहतो आणि बुडाशी थोडं पाणी कायम उरतं.

हे पाणी उरणं महत्त्वाचं, कारण बंब बिघडण्याचं मुख्य कारण एकच, कोरडी आग. पाण्याला टेकलेली नळी 100 अंशांच्या फार वर जात नाही. पाणी खाली गेलं की नळीचा वरचा भाग उघडा पडतो, काही मिनिटांत तापून लाल होतो आणि डाख सुटतो. म्हणून जुन्या घरांतला नियम: आधी काठोकाठ पाणी, मग काडी, आणि एक तांब्या गरम काढला की एक तांब्या गार घालायचा. बंब पेटवायचं काम मुलांवर सोपवणार असाल तर एवढं तरी पाठ करून घ्या.

सरपणाचं गणित. 20 लिटर पाणी 18 वरून 60 अंशांवर न्यायला सुकं लाकूड पाऊण किलो ते एक किलो लागतं आणि अर्धा तास जातो. त्या पाण्यात तितकंच गार मिसळलं की दोन अंघोळी होतात. चार माणसांचं घर दिवसाला दोन किलो धरा, म्हणजे कार्तिक ते माघ या चार महिन्यांना अडीचशे किलो. ओलं लाकूड घातलं तर उष्णतेचा मोठा भाग त्यातलं पाणी उडवण्यातच जातो, आणि नळीत डांबरासारखा चिकट थर बसतो तो वेगळाच. लाकूड सुकलं हे ओळखायच्या खुणा: साल सुटते, टोकाला चिरा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो. ढीग जमिनीवर न रचता दगडांवर आडव्या फळ्या टाकून रचावा, झाकण फक्त वरून, बाजू मोकळ्या. हिवाळ्याचं कोरडं वारं हे काम फुकट करतं, म्हणून पुढच्या वर्षाची छाटणी आत्ताच करून रचून ठेवायची.

बंबाला मोठे ओंडके नकोत. वीतभर लांब, अंगठ्याएवढे जाड तुकडे वरून नळीत सोडायचे. सुबाभूळ आणि बाभूळ सगळ्यात चांगली. तुराट्या पेटवायला फक्कड, पण भडकून संपतात. खाली तुराट्या, वर बाभळीचे तुकडे हा मेळ जमतो. करवंट्या जोरात जळतात, पण तेलकट काजळी सोडतात, एका वेळी दोन-तीन बस. गोवरी मंद जळते, पाणी नुसतं गरम राखायला बरी. प्लॅस्टिकची पिशवी किंवा रॉकेलचा शिडकावा नको. धुराची ओढ कमी पडत असेल तर वरच्या तोंडावर दोन-अडीच फुटांचं पत्र्याचं नळकांडं बसवा, आग लगेच खेचते.

बंब बाथरूममध्ये पेटवायचा नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीत दारं-खिडक्या बंद असतात. पडवीत किंवा उघड्या छपराखाली, कुडाच्या भिंतीपासून तीन फूट लांब, फरशीवर ठेवा. पाणी बादलीने आत न्या, बंब नको.

रोज सकाळी राख कोरडीच काढा. ओली राख क्षारयुक्त असते, जाळी आणि बुडाचा सांधा खाते. आठवड्यातून एकदा तारेच्या ब्रशने नळी झाडायची. पाणी तापायला दहा मिनिटं जास्त लागायला लागली की समजा काजळी झालीय. बोअरचं पाणी जड असेल तर आतून पांढरा थर धरतो. तो काढायला 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड 5 लिटर कोमट पाण्यात विरघळवून बंबात ओतायचं, तासभर बंब हलवत राहायचं आणि दोनदा खळबळून टाकायचं. पत्रा खरवडून थर काढला तर ओरखडे पडतात आणि पुढचा थर तिथेच धरतो. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी. रोज आगीजवळ असलेला बंब काळा पडणारच, त्यात वाईट काही नाही.

सोलर वॉटर हीटर असलेल्यांना बंब लागतो का? पुण्याच्या हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, त्यामुळे 100 लिटरचा सोलर संध्याकाळी उत्तम चालतो. पण त्याला उंचावर टाकी लागते, नळ्यांत बोअरचे क्षार बसतात, आणि रात्री उशिरा सगळ्यांनी पाणी वापरलं की पहाटे हाती कोमटच येतं. दोन्ही असतील तर सोलरचं कोमट पाणीच बंबात घाला, सरपण निम्म्यावर येतं.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेले बंब दिसतात, किंमत मोहात पाडते. घ्यायचा तर नळीचा जाळीजवळचा भाग तपासा. भोकं तिथेच पडतात. ठिगळावर ठिगळ असेल तर सोडा, नळीच बदलावी लागेल आणि मजुरी नव्याच्या जवळ जाईल. शोभेसाठी लॅकर मारून विकतात ते बंब तर पेटवायचे नाहीतच. लॅकर जळून घाण वास सुटतो.

तांबट आळीत गाडी नेऊ नका, वळवायला जागा मिळत नाही. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरून चालत जा, ठोकण्याचा आवाज ऐकू आला की पोचलात. येताना जुना बंब असेल तर बरोबर घ्या, मोड वजा करून हिशोब होतो का ते भाव ठरवण्याआधीच विचारा.