विंबल्डनच्या क्लबाचं सभासदत्व : वर्षभरानंतर

लंडनच्या एएफसी विंबल्डन या फुटबॉल क्लबाच्या सभासदत्वाचं मागच्या आठवड्यात नूतनीकरण केलं आणि बँकेने पुन्हा परकीय चलनाचा आकार लावला. गेल्या वर्षी ११२ रुपये, यंदा १२७. फीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हा आकार पैसे भरताना कुठे दिसत नाही, दोन दिवसांनी पासबुकात उमटतो. शाखेत दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला ‘सिस्टीम कापते’ एवढंच उत्तर, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. ज्यांना सभासद व्हायचं आहे त्यांनी आधी बँकेला विचारून घ्या.

मी मूळचा मँचेस्टर युनायटेडवाला. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकलं, तेव्हापासून चिडत आलोय. पण चिपळुणात बसून कुणाला सांगणार? मँचेस्टरच्या लोकांनी मोर्चे काढले, निषेध म्हणून हिरवे-पिवळे मफलर घातले, तरी मालक जागचे हलले नाहीत.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये एएफसी विंबल्डनच्या प्लाउ लेन मैदानात वँडल नदीचं पाणी शिरलं आणि जमीन खचली. न्यूकॅसलविरुद्धचा कपचा सामना न्यूकॅसलच्याच मैदानावर हलवावा लागला. तो फोटो मी बोटांनी मोठा करून किती वेळ बघत होतो. हिरवळ गोधडीसारखी खड्ड्यात लोंबत होती. २२ जुलै २०२१ ला वशिष्ठी आमच्या घरात आली होती. पाणी ओसरल्यावर माजघरातली फरशी अशीच आत बसलेली, वर घोट्याएवढा गाळ. त्या गाळाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. या क्लबाचा मालक आता काय करतो ते बघावं म्हणून वाचायला लागलो, तर क्लबाची मोठी मालकी समर्थकांच्याच ‘डॉन्स ट्रस्ट’कडे निघाली. पैसे कितीही घाला, सभासदाला मत एकच. त्याच आठवड्यात फी भरली.

इतिहास बहुतेकांना माहीत असेल, पण एक गोष्ट लिहितोच. २००२ साली फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने जुना विंबल्डन क्लब दुसऱ्याच गावी, मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. शिमग्यात ज्याने पालखी खांद्यावर घेतलीय त्याला हे समजावून सांगायला नको. पालखीला देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावून ती सहाणेवर, तिच्या ठरल्या चौथऱ्यावर आणायची आणि कुणीतरी म्हणायचं, पलीकडच्या गावात जागा मोठी आहे, आता देवी तिकडे बसेल! विंबल्डनच्या लोकांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, माळावर खेळाडू निवडले आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या स्तरापासून सुरुवात केली. २०११ मध्ये व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगमध्ये पोचले, २०२० मध्ये जुन्या क्लबाच्या प्लाउ लेनला परतले. मैदानासाठी पैसे कमी पडले तेव्हा रोखे काढून ५० लाख पौंडांवर रक्कम उभी केली.

तरी पहिले तीन महिने माझं मत काही फार चांगलं नव्हतं. लंडनला संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र, त्यामुळे सामने बघून सकाळी कामावर जायला जड जायचं. आणि लोकांच्या क्लबाकडे पैसा बेताचाच असतो, धनाढ्य मालकांशी बरोबरी होत नाही. २०२२ मध्ये हा क्लब चौथ्या स्तरावर घसरला होता, हे मी फी भरल्यावर वाचलं.

मत बदललं ते ट्रस्टच्या निवडणुकीत. उमेदवारांची निवेदनं दोन रात्री जेवणानंतर ओटीवर बसून वाचली. मैदान कसं चालवणार, पैसा कुठून आणणार, बाहेरच्या गुंतवणूकदाराला किती हिस्सा द्यायचा, सगळं आमच्या गावकीच्या बैठकीत होतं तसं. मत देऊन फोन बाजूला ठेवला तेव्हा हात थरथरत होता, खरं सांगतो. इतकी वर्षं फुटबॉल बघतोय, पण मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

२६ मे २०२५ ला वेम्बलीला वॉलसॉलविरुद्ध प्ले-ऑफची, म्हणजे तिसऱ्या स्तरावर चढण्यासाठीची, फायनल होती. आदल्याच दिवशी मोसमी पाऊस कोकणात उतरलेला, दुपारपासून लाइट नाही. फोनला जेमतेम एक दांडी रेंज, तीही खिडकीच्या गजाजवळ धरला तरच. बायकोने अर्धा तास फोन धरला, मी टॉर्चच्या उजेडात आकडे बघत होतो. १-० ने जिंकलो. ‘जिंकले’ नाही, जिंकलो. शेजारच्या काकांना वाटलं घरात पाणी आलं, ते छत्री घेऊन धावत आले.

मफलर घेणार असाल तर पावसाळ्यात कपाटात ठेवू नका. माझ्या मफलरवर जुलैतच पांढरी बुरशी आली, व्हिनेगरच्या पाण्याने गेली, पण निळा रंग थोडा उतरला.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या १२७ रुपयांचा कापलाय. क्लबाचा त्यात काही दोष नाही, पण अनुभव लिहायचा तर तोही यात आलाच. तुमच्यापैकी कुणी दुसऱ्या बँकेच्या कार्डाने फी भरली असेल तर किती कापले ते सांगा. पुढच्या वर्षीच्या आत मला खातं बदलायचं आहे.