पेसमेकरवाल्या पेशंटचं ऑपरेशन: मॅग्नेट का प्रोग्रॅमर?

कोल्हापुरात आम्हा भूल देणाऱ्यांच्यात हा वाद कायमचाच: ऑपरेशनवेळी पेसमेकरवर (हृदयाचे ठोके चालू ठेवणारं छातीतलं मशीन) नुसता मॅग्नेट ठेवायचा, का प्रोग्रॅमरनं, म्हणजे बाहेरून त्याचं सेटिंग बदलायच्या कॉम्प्युटरनं, काम करायचं? मॅग्नेट लई सोपा, गोल चकती असते, चिकटपट्टीनं छातीवर लावली की बहुतेक पेसमेकर कॉटरीच्या (विजेनं कापायचं, रक्त थांबवायचं हत्यार) करंटकडं लक्ष न देता ठरलेल्या रेटनं चालत राहतात, काढली की परत पहिल्यासारखे. पण आयसीडीचं (ठोके धोकादायक बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन) तसं नाही बघा! तिथं मॅग्नेट सहसा फक्त शॉक थांबवतो, पेसिंग आहे तसंच राहतंय, म्हणजे पेशंटचे ठोके पूर्ण पेसिंगवरच चालत असतील आणि कॉटरी बेंबीच्या वर चालणार असेल तर प्रोग्रॅमरनं आधीच सेटिंग बदलून घेतलेलं बरं. पालथं झोपवून करायच्या केसलापण तेच, मॅग्नेट सरकला तर दिसणार कुणाला?

प्रोग्रॅमरचा घोळ वेगळा. कंपनीचा माणूस यायला वेळ लागतोय, इमर्जन्सीत तेवढा दम कुठला, आणि आयसीडीचा शॉक बंद केला की तो परत चालू होईपर्यंत मॉनिटर आणि बाहेरून शॉक द्यायचे डिफिबचे पॅड काढायचे नाहीत म्हणजे नाहीत (वॉर्डात शिफ्ट करायची घाई इथंच नडते). जांघेतला हर्निया, गुडघा असल्या बेंबीखालच्या केसला मी तरी मॅग्नेट हाताशी ठेवून भागवतो, पण मशीनचं कार्ड (कुठलं मशीन बसवलंय ते त्यावर असतंय) बघितल्याशिवाय नाही.