डीटीएफ, सब्लिमेशन की व्हिनाईल? गोव्याच्या दमट हवेत टी-शर्ट छापतानाचा अनुभव

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर हीट प्रेस घेतली, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन चित्र कापडावर उतरवणारं यंत्र. दिवाळीचा नरकासुर, कार्निव्हल, होळीचा शिगमो हे सगळे हंगाम तिच्यावर काढले आणि आता सांजावचे (जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाचे) टी-शर्टही देऊन झाले. फोंड्यात घरूनच काम करतो. ऑर्डरी मंडळांच्या, फुटबॉल संघांच्या, मधूनच एखाद्या भजनी मंडळाच्या. कुठली पद्धत घ्यावी असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो: छपाई किती झगझगीत दिसते ते नंतर बघा. आधी कापड कुठलं आणि घालणाऱ्याला घाम किती येणार ते विचारा.

कॉटनसाठी माझं मत डीटीएफलाच (डायरेक्ट-टू-फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग ते कापडावर दाबायचं). पेट नावाच्या प्लास्टिकच्या फिल्मवर रंगीत शाई, तिच्यावर पांढरी, आणि त्यावर उष्णतेने वितळणारी चिकट पावडर. साधारण 150 ते 160 अंशांवर 10-15 सेकंद दाबायचं, फिल्म थंड सोलायची असेल तर पूर्ण गार होऊ द्यायची, मग टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा काही सेकंद दाब द्यायचा. घाईत हा दुसरा दाब अनेक जण टाळतात. टाळू नका, धुण्यात टिकाव त्यानेच लागतो. पांढऱ्या शाईमुळे काळ्या टी-शर्टवरही रंग उठून दिसतात, म्हणून नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांना दुसरं काही चालतच नाही.

पण छातीभर एकसंध चित्र छापलं की कापड श्वास घेत नाही. शिगम्याच्या रोमटामेळात, म्हणजे मिरवणुकीत, ढोल घेऊन उन्हात नाचणाऱ्याच्या अंगाला ते प्लास्टिकसारखं चिकटतं. यावर उपाय डिझाइनमध्येच आहे. टी-शर्ट काळा असेल तर चित्रातला काळा रंग सरळ काढून टाकायचा, कापडाचाच काळा दिसू द्यायचा. राक्षसाचे डोळे, दात, जिभेचा लाल एवढंच छापलं जातं. वजन कमी, हवा खेळती आणि फिल्मही कमी लागते. माझ्या मते डीटीएफमधली खरी कारागिरी हीच.

डीटीएफचा प्रिंटर मात्र मी घेतला नाही आणि रोजचं काम नसेल तर तुम्हीही घेऊ नका. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसतं. मशीन चार दिवस बंद राहिलं की शाई सोडणारं हेड चोंदतं. मी डिझाइनं एकत्र मांडून गँग शीट बनवतो आणि मीटरवर फिल्म छापून घेतो. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवायची. ओल धरलेली फिल्म दाबली की फोड येतात. टी-शर्टही आधी कोराच पाच-सात सेकंद दाबून घ्या. जुलैत त्यातून निघणारी वाफ डोळ्यांनी दिसते.

फुटबॉल जर्सीला सब्लिमेशन, यावर माझ्या मनात वाद नाही. साधारण 195-200 अंशांवर शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यातच मुरते. हाताला थर लागत नाही, तडे जात नाहीत, घाम आरपार जातो. अट एवढीच की कापड पॉलिस्टर आणि रंग पांढरा किंवा फिका हवा. पांढरी शाई यात नसते, त्यामुळे गडद कापडावर काही दिसत नाही, आणि कॉटनवर छापलेलं धुण्यात जातं. एका मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “बाब, कॉटनचोच कर, पण जर्सीसारखो लागूंक जाय.” (म्हणजे जर्सीसारखा वाटायला हवा.) तसं होत नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं.

व्हिनाईल, म्हणजे कटरवर कापून उष्णतेने चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ थर, मी पाठीवरची नावं आणि आकडे यांच्यापुरतंच ठेवलं आहे. इंग्रजी आकडा कटरवर झटपट होतो. देवनागरी नाव आलं की अनुस्वार, रफार, ‘श्र’च्या पोटातले बारीक तुकडे सुईने वेचत बसावं लागतं, आणि धुण्यात आधी सुटतो तो अनुस्वारच. मराठी मजकुरासाठी डीटीएफच बरं. मरून किंवा लाल पॉलिस्टरवर पांढरा आकडा लावताना तापमान कमी ठेवा; जास्त उष्णतेने कापडाचा रंग वर येतो आणि आकडा काही दिवसांत गुलाबी पडतो. त्यासाठी रंग अडवणारं व्हिनाईल वेगळं मिळतं, थोडं महाग पडतं, पण घ्यावं.

इंकजेटचे ट्रान्सफर पेपर एका दिवसाच्या वाढदिवसाला ठीक. एकाच रंगात शे-दीडशे नग हवे असतील तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा, तिथे तेच स्वस्त.

प्रेस घेताना पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने मधला भाग आणि चारही कोपरे मोजा. कोपरा दहा अंशांनी थंड असला तरी चित्राची तीच कड आधी उचलते. यंत्र दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढतं, तेव्हा 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: पहिले 24 तास धुऊ नका, नंतर उलटा करून गार पाण्यात धुवा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका.