गाडीमागे इलेक्ट्रिक व्हीलचेअर न्यायचा कॅरियर – वापरून बघितल्यावर लिहितेय

बाबांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर गाडीच्या मागे लावून न्यायला आम्ही कॅरियर घेतला, म्हणजे टो हिचमध्ये (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायला जी लोखंडी जोडणी असते तिच्यात) घुसणारा लोखंडी दांडा आणि त्याच्यावर बटणाने खालीवर होणारा प्लॅटफॉर्म. बरेच महिने वापरतोय आणि ज्याला घ्यायचाय तो पहिलं हेच विचारतो की उचलतो का नीट? उचलतो हो, मस्त उचलतो, त्यात काही बोलायला जागा नाही. भानगड सगळी गाडीकडून आहे आणि ते जाहिरातीत कुणी धड सांगत नाही.

कॅरियरच्या डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, अमुक किलोपर्यंत चालतो. तो आकडा बघून खूश होऊ नका. तुमच्या गाडीच्या हिचवर सरळ खाली किती वजन चालतं ते बघा, त्याला टंग वेट किंवा नोज वेट म्हणतात आणि ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि हिचच्या पट्टीवर दोन्हीकडे असतं, दोन्हीत जो कमी तो खरा. गाडी किती वजन ओढते तो आकडा वेगळा, तो खूप मोठा असतो आणि दुकानदार हमखास तोच दाखवतो! नेहमीच्या बऱ्याच कारना टोबॉलवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, ७५ ते १०० किलोच चालतं. आता हिशोब करा, बाबांची चेअर बॅटऱ्यांसकट १२५ किलो, कॅरियरचं स्वतःचं वजन ५५, झाले १८०. म्हणजे साधी कार तिथेच बाद. आमची गाडी मोठी आहे, दोन इंची चौकोनी रिसीव्हरवाली (रिसीव्हर म्हणजे हिचचं भोक, ज्यात दांडा घुसतो), म्हणून जमलं. सव्वा इंची रिसीव्हर असेल तर त्यावर हलकी ट्रॅव्हल स्कूटर वगैरे ठीक (स्कूटर म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची, रस्त्यावरची दुचाकी नव्हे), मोठी चारचाकी स्कूटर १३० किलोच्या पुढे सहज जाते, तिचा विचारच नको. आणि छोट्या रिसीव्हरला ॲडॅप्टर लावून दोन इंची करून देतो म्हणणारे भेटतील, त्याने भोक मोठं होतं, ताकद तेवढीच राहते.

बरं, १८० किलो मागे लावले म्हणजे मागच्या चाकांवर १८० च वाढले असंही नाही. वजन मागच्या ॲक्सलच्या बाहेर लटकतंय ना, सीसॉसारखं पुढचं टोक उचललं जातं. आमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.८ मीटर आणि चेअर मागच्या ॲक्सलच्या साधारण १.२ मीटर मागे, म्हणजे पुढच्या चाकांवरून ७७ किलो कमी होतात आणि मागच्यांवर २५७ वाढतात. हे कागदावर वाचताना काही वाटत नाही पण स्टीअरिंग हलकं लागायला लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात (हेडलाइटचा झोत वरखाली करणारं लेव्हलिंगचं छोटं चाक असतं, त्याने झोत खाली करायचा, बऱ्याच जणांना ते कशासाठी असतं तेच माहीत नसतं), आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या चढावर पुढची चाकं फिरतात नुसती. टायरमधली हवा फुल लोडच्या आकड्याला ठेवा, आणि मागे चेअर असताना डिकीतही सामान कोंबायचा मोह टाळा.

आता चढवणं. प्लॅटफॉर्म जमिनीला टेकतो, कडेला छोटा उतार असतो, चेअर सगळ्यात कमी स्पीडवर ठेवून आपण बाजूला उभं राहून जॉयस्टिकने वर घ्यायची. यात कधीही चेअरच्या पुढे उभं राहू नका. मग पॉवर बंद, आणि फ्रीव्हीलचा खटका (चेअर हाताने ढकलता यावी म्हणून चाकं मोटरपासून सोडवणारा) ड्राइव्हवर आहे ना ते बघायचं, कारण चेअरचे ब्रेक मोटरमध्ये असतात, खटका न्यूट्रलला राहिला तर ब्रेकच नाही, चेअर नुसत्या पट्ट्यांच्या भरवशावर. पट्ट्या चार, चारही फ्रेमला. बऱ्याच चेअरवर हुकाची खूण असलेल्या जागा दिलेल्या असतात, तिथेच लावायच्या. आर्मरेस्टला, फूटरेस्टला किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरला लावली की गेलीच. उशी, आणि उचलून निघणारं जे जे काही असेल ते गाडीच्या आत. स्कूटर असेल तर हँडल खाली पाडून लॉक करा आणि सीट सुटी निघत असेल तर काढूनच घ्या. थोडं अंतर गेल्यावर एकदा थांबून पट्ट्या परत आवळायच्या, पहिल्या काही खड्ड्यांत चेअर जागेवर बसते आणि पट्ट्या सैल पडतातच.

हे सगळं करायला माणूस लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट घेताना कुणाच्या डोक्यात येत नाही. चेअर मागे चढली, पण बसणाऱ्याचं काय? आमचे बाबा धरून दोन-चार पावलं टाकतात म्हणून मी आधी त्यांना पुढच्या सीटवर बसवते, मग चेअर मागे नेते. ज्याला अजिबात उभं राहता येत नाही आणि एकटाच गाडी चालवायची आहे त्याला हा कॅरियर काही कामाचा नाही, त्याने रॅम्पवाली, चेअरसकट आत जाता येणारी गाडीच बघावी. महाग असली तरी. आणि चेअरवर माणूस बसवून प्लॅटफॉर्म वर घेणारे महाभाग पण असतात, त्यांना हात जोडून नमस्कार, ही माणसाची लिफ्ट नाहीये.

फिटिंगबद्दल तक्रार आहे. मोटर १२ व्होल्टची, गाडीच्या बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि सर्किट ब्रेकर लागतो, ट्रेलर लाइटच्या वायरीवर हे चालत नाही. आमच्याकडे फिटिंगला आलेल्याने वायर सायलेन्सरच्या पाइपला जवळजवळ चिकटवूनच नेली होती, दुसऱ्याकडून परत करून घेतली. गाडीखाली वाकून स्वतः बघा. मोटर बंद पडली तर हाताने फिरवायचा हँडल सोबत मिळतो, तो डिकीत ठेवू नका, कारण चेअर वर असताना डिकीचा दरवाजा उघडतच नाही! आमचा हँडल ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. बाजूला फिरणारा आर्म वेगळा मिळतो म्हणजे डिकी उघडता येते, पण त्याचं वजन परत टंग वेटमध्येच धरायचं.

खडखडाट सुरुवातीला इतका होता की बाबा म्हणाले गाडीचं काहीतरी पडलंय गं मागे. हिचमधली फट घट्ट करणारा क्लँप येतो, तो लावल्यावर निम्म्याहून जास्त गेला, उरलेल्याची सवय झाली.

पाऊस आणि चिखलासाठी कव्हर घ्याच. गाडीच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि रस्त्यावरची सगळी घाण उडून नेमकी चेअरवर बसते, जॉयस्टिकमध्ये पाणी गेलं तर खर्च मोठा. वरून साधी प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्याने फाटते, खालून पट्ट्याने आवळता येणारं कव्हर हवं, आणि ते सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबत नाही ना बघा, वितळतं.

बाकी गाडी लांब होते, पार्किंगमध्ये मागे कुणी चिकटून लावली की प्लॅटफॉर्म खालीच येत नाही, तीव्र उतारावर मागचं टोक घासतं, रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त चेअरचं चाक दिसतं आणि सेन्सर अखंड ओरडत असतो. रिकामा असताना घडी घालून उभा होतो ही त्यातल्या त्यात चांगली सोय.

चेअर गाडीला जड होत असेल तर स्वतःची चाकं असलेले कॅरियर येतात, ब्रुनो कंपनीचं चॅरियट त्यातलंच, वजन बरंचसं त्याच्या चाकांवर जातं. आणि घडी होणारी २५-३० किलोची चेअर चालणार असेल तर हे काहीच नको, डिकीत टाका.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. कापलेल्यातला अर्धा स्टार लाइट बोर्डसाठी, म्हणजे मागे लावायची जादा लाइट आणि नंबर प्लेटची पट्टी. चेअर चढली की नंबर प्लेट आणि मागचे लाइट दोन्ही झाकले जातात, बहुतेक ठिकाणी ते दिसलेच पाहिजेत असा नियम असतो, आणि हे लोक बोर्ड सोबत देत नाहीत. ऑर्डर करतानाच मागवा आणि गाडीचं ट्रेलर लाइटचं सॉकेट ७ पिनचं आहे की १३ पिनचं ते आधी बघून सांगा.